दोघी मिळून एक प्रवासी

ता. ५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आजीचे पोटभर आशीर्वाद. इकडे सगळे धडधाकट. तिकडे तू वेळेवर जेवतेस की नुसतीच पळतेस, ते खरं खरं कळवणे.

तुझं पत्र आलं. पोस्टमनने ते दारात धरून विचारलं, की आजीबाई, आजकाल तुम्हाला पत्र कोण लिहितं. मी म्हटलं, जिला फोनवर तोंडातल्या तोंडात बोलायची सवय आहे, ती लिहिते. खोटं नाही बोलले. फोनवर तुझं अर्धं मला ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तुझी आई मध्येच बोलून खाते. पत्र कसं, आपल्या चालीने वाचावं, चष्मा पुसून पुन्हा वाचावं. माझी शाळा तिसरीत संपली, तेव्हा मोठं जोडाक्षर आलं की मी तिथे थांबते, दम खाते आणि पुढे जाते. तू राज्यशास्त्र लिहिलंस तिथे तर मी उठून चहा पिऊन आले.

पण काय सांगू, किती बरं वाटलं. माझी नात राज्य कसं चालतं ते शिकते. आपल्या घरात राज्य तुझ्या आजोबांनी चालवलं, म्हणजे तसं त्यांना वाटायचं, आणि मी ते वाटू दिलं. एवढंच माझं राज्यशास्त्र. तू म्हणे पुन्हा खोली बदललीस. ही तिसरी. लहानपणी तू एका जागी बसून कधी जेवली नाहीस, एक घास आत, दुसरा ओट्यावर, तिसरा शेजारणीकडे. उगीच नाही भिंगरी नाव पडलं. पण आता घास घेऊन मागे धावायला तिथे आजी नाही, हे लक्षात ठेव.

अरे हो, मुख्य गोष्ट राहिलीच. आपल्या बसथांब्यावर कागद चिकटवलाय. शिंपीणबाईने मोठ्याने वाचला. अक्षर बारीक होतं, आणि नको असलेली गोष्ट ते बारीकच छापतात असं तिचं म्हणणं. तर पंधरा तारखेपासून आठवडाभर आपल्या गाडीतली माणसं मोजणार. कमी भरली तर गाडी बंद. सकाळची जाणारी, दुपारची परतीची आणि संध्याकाळची कामगारांना आणणारी, तिन्ही.

त्या गाडीच्या दुसऱ्या टोकाला माझी अक्का आहे, हे तुला वेगळं सांगायला नको. झटका आल्यापासून तिची उजवी बाजू गेली आणि जीभ जड झाली, तेव्हापासून ती त्या वृद्धाश्रमात. तिथल्या बाया चांगल्या आहेत, भरवतात, केस विंचरतात, पण अक्का त्यांच्याशी बोलत नाही. माझ्याशी बोलते. म्हणजे काय, मी गेले की बराच वेळ नुसती बघते, मग एक शब्द, मग दुसरा, आणि जीभ जरा सुटायला लागली की माझी दुपारची गाडी येते. मंगळवार आणि शनिवार, एवढाच आमचा संसार आता. तुझा बाप म्हणतो, स्कूटरवर सोडीन. त्याच्या स्कूटरवर बसले तर मलाच शेजारची खाट घ्यावी लागेल. सहा आसनी रिक्षाची पायरी माझ्या गुडघ्याच्या वर, आणि चढलंच तर आत माणसं एकमेकांच्या मांडीवर.

तेव्हा तू तिथे एवढ्या मोठ्या सरांच्या हाताखाली आहेस, तर विचार, हे मोजणारे कोण आणि किती माणसं भरली म्हणजे त्यांचं समाधान होतं. माझं इथे कशात लक्ष नाही. घासलेली भांडी पुन्हा घासते, आणि तुझी आई डोळे वटारते.

स्वेटर एकच घालून फिरू नकोस. माया आहेच, ती वाढवायला जागा उरली नाही.
तुझी आजी

*

ता. ९ फेब्रुवारी

ती. आजीस,
वाकून नमस्कार. कमरेत अजून वाकण्याइतका जोर आहे, यावरून मी जेवते हे ओळखावे.

तुझं पत्र मी भुयारी गाडीत उभ्याने वाचलं. घरून विद्यापीठात जायला मला तीन गाड्या बदलाव्या लागतात. आजी, इथे शेकडो माणसं खांद्याला खांदा लावून जातात आणि कुणी कुणाकडे बघत नाही. तू इथे असतीस तर पहिल्या दिवशीच तिघींची माहेरं विचारून घेतली असतीस. मी मात्र इतकी इथली झालेय, की परवा एका बाईने मला हसून किती वाजले विचारलं, तर मी आधी पिशवी चाचपली.

कशातच मन लागत नाही. खोली बदलली म्हणजे झोप लागेल असं वाटलं होतं, तर आता नवीन खोलीत जागी असते. प्रबंधाचा विषय ठरत नाही. गेल्या आठवड्यात विद्यार्थ्यांचा मोर्चा होता, फी वाढली म्हणून. मीही गेले. वाटेत एका मुलीने मोठ्या फलकाचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि ती जी गेली ती आलीच नाही. मी ते टोक धरून शेवटपर्यंत चालले, ओरडले, घसा बसवून घेतला. फलकावर काय लिहिलं होतं ते दुसऱ्या दिवशी फोटोत वाचलं. बरोबर होतं, नशीब माझं. पण तेव्हापासून विचार करते, आपण कशासाठी ओरडतो हे ठाऊक नसताना इतकं बरं कसं वाटलं?

आता तुझा प्रश्न. हे लिहावं की नाही, यात दोन कागद फाडले. सर परिवहन खात्याचे सल्लागार आहेत. कुठल्या गाड्या ठेवायच्या आणि कुठल्या बंद करायच्या, याचा अहवाल तेच देणार. आणि सगळीकडून आकडे येतात ते जुळवायचं काम त्यांच्या खोलीत मी करते. म्हणजे मोजणाऱ्यांच्या टेबलाशी तुझी नातच बसलीय. एका फेरीला सरासरी पंधरा माणसं हवीत. आपली गाडी काठावर आहे. हे बाहेर सांगायची मला परवानगी नाही, तेव्हा कुणाला म्हणजे कुणालाच सांगू नकोस. तुला धीर यावा म्हणून लिहिलं.

अक्काआजीला माझं नाव सांग. नाव सांगताना ओरडू नकोस, तिची जीभ जड आहे, कान नाहीत.
तुझी भिंगरी

*

ता. २२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद, आशीर्वाद, आणि वर आणखी थोडे. आज मी इतकी खूश आहे की पेन कागदावर ठरत नाही.

तू म्हणालीस कुणाला सांगू नकोस. नाही सांगितलं. फक्त शिंपीणबाईला, कारण ती थांब्यासमोरच राहते, तिच्यापासून लपवणार कसं. तिने मोठ्या बाईंना सांगितलं. आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका गं, निवृत्त झाल्या तरी शिट्टी गळ्यात असल्यासारख्या बोलतात. आणि मोठ्या बाईंना एकदा कळलं, की ते कळणं राहत नाही, तो हुकूम होतो.

पंधरा हव्या होत्या ना? आम्ही वीस जणी. आठवडाभर, रोज, सकाळी जायचं आणि दुपारी यायचं. मोठ्या बाई दारात उभ्या राहून हजेरी घेत. शिंपीणबाईने शिलाईचं काम बरोबर आणलं आणि आठवड्यात सात पँटी गाडीत दुमडल्या. त्यातली एक एका पायाने आखूड झाली, तो रस्त्यातल्या खड्ड्यांचा दोष. निवृत्त नर्सबाईला गाडी लागते, तरी ती आली, खिडकीशी पिशवी धरून, आणि सगळ्यांना सांगत राहिली की मला काही होत नाही. माझ्या धाकट्या जावेशी मी सहा वर्षं बोलत नव्हते. ती माझ्याच बाकावर येऊन बसली. आधी खिडकी कुणी उघडायची यावर दोन शब्द झाले, मग सुरूच झालं. कुणाच्या पदरचा पैसा गेला नाही, सगळ्यांकडे म्हातारपणाचा फुकट पास. कंडक्टर तर पास बघायलाही तयार नाही. लांबूनच हात केला, राहू द्या, वय दिसतंय. ते शिंपीणबाईला लागलं, ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

बसायला जागा राहिली नाही, उभं राहायलाही नाही. कारखान्यातली पोरं आणि दवाखान्यात कामाला जाणाऱ्या बायका दारात येऊन बघत राहिल्या. मोठ्या बाईंनी त्यांना समजावलं, की तुमचे पाय तरुण आहेत, आठवडाभर सहा आसनीने जा, गाडी वाचली की तुमचीच आहे. गेली बिचारी. संध्याकाळीही तशीच परत आली, कारण सहा आसनीवाल्याने दोन्ही वेळचं मिळून स्वस्त लावलं.

पहिल्या दिवशी तिकडे पोचल्यावर करायचं काय, म्हणून सगळ्या जणी माझ्याबरोबर अक्काकडे. वीस बायका खाटेभोवती बघून अक्काने डोळे मिटले आणि झोपल्याचं सोंग घेतलं. मला ती सोंगं पाठ आहेत, पापणी हलते.

आता तू सरांच्या टेबलाशी आपल्या गाडीचा आकडा बघशील तेव्हा छाती फुगव. आणि त्या मोर्च्याचं म्हणशील, तर तेही आम्हाला आता कळलं. कशासाठी जातोय हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरीसुद्धा बरं वाटलंच.

भूक लागेल तितकं खा, नाही लागली तरी खा.
तुझी आजी

*

ता. २५ फेब्रुवारी

ती. आजीस,
नमस्कार. कसं लिहू कळत नाही, म्हणून सरळच लिहिते.

आजी, मोजायला माणूस नव्हता. मोजलं ते कंडक्टरच्या गळ्यातल्या तिकिटाच्या यंत्राने. तिकीट निघालं की एक माणूस धरायचं. पासाला तिकीट निघत नाही. तुम्ही वीस जणी आठवडाभर त्या गाडीत होतात आणि यंत्राच्या लेखी गाडी रिकामी होती. जी माणसं तिकीट काढतात, ती सहा आसनीने गेली. आपल्या गाडीची सरासरी चार आलीय. एरवी तेरा-चौदा आली असती आणि मी सरांशी बोलून बघितलं असतं. चारवर काय बोलणार? सगळ्या यादीत इतका खाली आकडा दुसरा नाही.

चूक तुझी नाही. नियम मला ठाऊक होता, फक्त तो तुझ्या पासाशी जोडून बघायचं मला सुचलं नाही. इतकी पुस्तकं वाचून माझ्या डोक्यात प्रवासी म्हणजे तिकीटवालाच होता. वर ज्याची बंदी होती ते मी तुला कळवलं.

यादी अजून माझ्याकडेच आहे. पुढच्या शुक्रवारी ती सरांकडे द्यायची. चारच्या आधी एक लिहिला तर चौदा होतात, चौदाला सर काठावरची म्हणून सोडतात, आणि कुणी विचारणारसुद्धा नाही. काल त्या आकड्यासमोर इतका वेळ बसले की पहारेकऱ्याने येऊन दिवे बंद करू का विचारलं. मग घरी न जाता गाडीत बसले, शेवटच्या स्टेशनपर्यंत गेले आणि तिथून परत आले. पलीकडच्या फलाटावर गेले आणि पुन्हा तेच केलं. काय करू, आजी?
तुझी भिंगरी

*

ता. २ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

एक लिही.

मी दुसऱ्या कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही, या वेळी खरंच नाही. शिंपीणबाई रोज विचारते की आकडा आला का. मी म्हणते, पोस्ट उशिरा येतं. काल मंगळवार होता, मी अक्काकडे गेले नाही. पिशवी भरली, थांब्यापर्यंत गेले आणि परत आले. तिच्यासमोर बसून काय करू, आपण किती मंगळवार उरलेत ते मोजत बसायचं का?

तू लहानपणी खोटं बोललीस तर मी कान पिळायची, ते आठवून अडू नकोस. ते दुसरं होतं. आम्ही गाडीत होतो, बसलो होतो, आमची हाडं अजून दुखतायत. मग आकड्यात आम्हाला बसवलं तर त्यात खोटं काय? उलट चार हेच खोटं आहे. एक काढायला काय लागतं, इंग्रजीत तर नुसती उभी रेघ. मी तिसरी शिकलेली बाई, मलासुद्धा येते.

अक्का माझ्याहून मोठी. लहानपणी मला पाठीवर घेऊन शाळेत न्यायची. मला बाकी राज्य कसं चालतं ते कळत नाही.

लवकर कर. ख्यालीखुशाली नंतर.
आजी

*

ता. ८ मार्च

ती. आजीस,
नमस्कार. रागावशील, पण पत्र फाडायच्या आधी पूर्ण वाच.

मी एक लिहिला नाही. लिहिला होता खरं तर, अर्धा दिवस तो तिथे होता. मग यादी खालपर्यंत वाचली. पंधराचा नियम असला तरी किती गाड्या बंद करायच्या ते आधीच ठरलंय. आपली वर गेली की तिच्या जागी डोंगराकडची एक गाडी खाली येत होती. त्या गाडीत कोण बसतं, कुठे जातं, मला काहीच माहीत नव्हतं. जिच्यातलं एकही माणूस आपण पाहिलेलं नाही ती गाडी बंद करणं किती सोपं होतं, आजी! इतकं सोपं, की मला भीती वाटली. मी तो एक खोडला.

मग सरांकडे गेले आणि तुला काय कळवलं तेही सांगितलं. सरांनी आधी विचारलं की आणखी कुणाला सांगितलं. मी म्हटलं, आजीला. ते म्हणाले, आजी म्हणजे एक माणूस की एक गाव. मला हसू आलं आणि ते बरं दिसलं नाही. उद्यापासून या खोलीत येऊ नकोस म्हणाले. आवाज चढवला नाही, त्याने जास्त लागलं.

दारापर्यंत गेले आणि परत वळले. म्हटलं, पासवाली माणसं मोजणीत का नाहीत? ते म्हणाले, ती भाडं देत नाहीत. मी म्हटलं, निवडणुकीत त्यांचं मत पूर्ण धरता, मग गाडीत माणूस का धरत नाही? हे मी ठरवून बोलले, कुणी हातात दिलेलं टोक धरून नाही. सरांनी वही ओढून काहीतरी टिपलं. मग म्हणाले, खात्याला कळवतो.

काल उत्तर आलं. आपल्या गाडीची मोजणी रद्द, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा होणार, या वेळी माणूस येऊन मोजेल. आणि पासवाले धरले जातील, पण दोन पासवाले मिळून एक प्रवासी. कितीतरी मोठमोठ्या लोकांनी बसून हे ठरवलंय. तू आणि शिंपीणबाई मिळून आता एक बाई.

हात जोडून मागते, या वेळी रोजचे जे जातात तेवढेच जाऊ देत. मोठ्या बाईंना घरात बसव.

मी आता ग्रंथालयात पुस्तकं जागेवर लावते. विषय अजून ठरला नाही. चौथी खोली बघू का, असं मनात येतंय. लिही गं काहीतरी, रागावून लिहिलंस तरी चालेल.
तुझी भिंगरी

*

ता. १७ एप्रिल

चि. भिंगरीस,
उशिरा पाठवलेले, पण मुरलेले आशीर्वाद.

महिनाभर तुला ओळही लिहिली नाही. रागावले होते. तुझं पत्र डब्याखाली घालून ठेवलं आणि मनात म्हटलं, डोंगराकडच्या माणसांची एवढी माया, आणि अक्का कुणीच नाही? तुझ्या बापाने दोनदा विचारलं की काय बिनसलंय. मी म्हटलं, तुझी मुलगी शहाणी झालीय, तेच बिनसलंय.

मोजणी झाली. सगळ्या जणींना घरोघर जाऊन सांगितलं, येऊ नका. मोठ्या बाईंना सांगायला दोन चकरा पडल्या. दोघी मिळून एक, हे ऐकल्यावर त्या म्हणाल्या की मी कुणाचीही अर्धी नाही. शिंपीणबाईने विचारलं, आपल्यातलं वरचं अर्धं कोण आणि खालचं कोण. पण बसल्या घरात. मंगळवारी मी थांब्यावर गेले तर समोरच्या खिडकीत सगळ्यांची तोंडं, जणू माझीच वरात निघालीय. मोजणारा माणूस पुढच्या बाकावर वही घेऊन. मी चढले, त्याने मान वर करून पाहिलं आणि काहीतरी लिहिलं. अर्धं लिहिताना कसं लिहितात ते बघायचं होतं, पण त्याने हात आडवा धरला. कारखान्यातली पोरं पुन्हा गाडीत होती. एकाने उठून मला जागा दिली, आणि हसून विचारलं की आज बाकीच्या कुठे आहेत.

परवा कागद लागला, या वेळी प्रत्येक फेरी वेगळी धरली होती. सकाळची गाडी राहिली. संध्याकाळची राहिली. दुपारची गेली. दुपारच्या गाडीत सगळे आमच्यासारखे अर्धेच असतात ना.

मी म्हटलं, झालं, आता सकाळी जायचं आणि संध्याकाळपर्यंत तिथे अडकून पडायचं, म्हातारीने दिवसभर करायचं काय. तरी काल गेले. नेहमीसारखी अक्का आधी बघत राहिली. मग एक शब्द, मग दुसरा. दुपार झाली. मी सवयीने पिशवी उचलली आणि पुन्हा ठेवली, गाडीच नाही तर जाणार कुठे. तिथल्या बाईंनी आम्हाला पत्ते आणून दिले. अक्काचा उजवा हात चालत नाही, म्हणून तिची पानं मीच धरली आणि ती डाव्या हाताने ओढत होती. आता तिची पानं माझ्याच हातात, तर माझा डोळा जाणारच की नाही, तू सांग. दोन डाव मी जिंकले. तिसऱ्या डावाला अक्काने माझ्या हातावर चापट मारली आणि स्पष्ट, अगदी तुकडा न पडता म्हणाली, "लबाड आहेस तू. पहिल्यापासून लबाड."

भिंगरे, झटका आल्यापासून एवढं सबंध वाक्य तिच्या तोंडून आलं नव्हतं. मी म्हटलं, लबाड तू, झोपेची सोंगं कोण घेतं? आणि जे जुंपलं म्हणतेस! आईच्या बांगड्यांपासून सगळं निघालं. शब्द अडला की ती खाटेवर हात आपटायची, शब्द सापडला की पुन्हा सुरू. बाया धावत आल्या, त्यांना वाटलं काही झालं. इतकी वर्षं गाडीच्या घाईत आम्हाला भांडायला वेळच मिळाला नव्हता गं. शेवटी अक्का म्हणाली, तुझी गाडी कधी आहे, जा की आता. आणि भिंतीकडे तोंड केलं. पापणी हलत नव्हती, खरंच झोपली होती.

संध्याकाळच्या गाडीत मी एकटीच हसत होते. कंडक्टरने विचारलं, आजी, आज विशेष? मी म्हटलं, बहिणीने हाकलून दिलं.

तू चौथी खोली बघ, पाचवी बघ, पळायचं तितकं पळ. पण सुटीला आलीस की मंगळवारी माझ्याबरोबर सकाळच्या गाडीने चल. संध्याकाळपर्यंत सुटका नाही, हे आधीच सांगून ठेवते. तू आलीस की पानं धरायचं काम तुझं, माझ्यावरचा विश्वास तिचा उडालाय.

राग कधीच गेला, तुला सांगायचंच राहिलं होतं. लोभ आहे तसाच, सबंध, अर्धा नाही.
तुझी आजी